धोरणाची बातमी अ‍ॅक्च्युअरीने कशी वाचावी: नव्याने येणाऱ्यांसाठी

अ‍ॅक्च्युअरी म्हणजे विमा, पेन्शन यांतल्या जोखमीची आणि पुढच्या देण्यांची किंमत गणिताने मांडणारा व्यावसायिक. पहिले काही पेपर सुटतात, नोकरी लागते, आणि नव्या अ‍ॅक्च्युअरीचं सगळं लक्ष दोनच गोष्टींवर लागतं: पुढचा पेपर आणि समोरचं मॉडेल. व्यावसायिक संस्थेची पत्रकं, ‘मसुद्यावर हरकती व सूचना मागवल्या आहेत’ अशा नोटिसा, मानकांतल्या दुरुस्त्या हे सगळं ‘नंतर वाचू’ म्हणून बाजूला पडतं. सुरुवातीची काही वर्षं मीही तेच केलं. मग एका पेन्शन योजनेच्या मूल्यांकनात वरिष्ठांनी विचारलं, “हे निवृत्तीचं वय कुठल्या नियमावरून घेतलंय?” मागच्या वर्षीच्या फाइलमध्ये जे होतं तेच मी पुढे आणलं होतं. नियम मधल्या काळात बदलला होता. सूत्रं बरोबर होती, बेरजा जुळत होत्या, आणि उत्तर चुकीचं होतं.

आपल्या कामात धोरणाची प्रत्येक बातमी शेवटी कुठल्यातरी गृहीतकात येऊन बसते. ते गृहीतक कोणतं, ते कोणत्या तारखेपासून बदलतं आणि बदलाचा भार कोणावर पडतो, हे तीन प्रश्न विचारायची सवय लावून घेता येते. ती कशी लावायची, तेवढंच या लेखात आहे.

१. आधी पाहा, बोलतंय कोण

सरकार, नियामक, लेखा मानक मंडळ आणि आपली व्यावसायिक संस्था या चौघांचे कागद बाहेरून सारखे दिसतात, पण प्रत्येकाचं वजन वेगळं असतं. कायदा मोडता येत नाही. नियामकाचं परिपत्रक कंपनीला बांधतं. व्यावसायिक मानक कंपनीला नाही, तुम्हाला व्यक्तिशः बांधतं, आणि नवखे लोक नेमकं हेच विसरतात.

देशागणिक ही रचना बदलते. अमेरिकेत परीक्षा सोसायटी ऑफ अ‍ॅक्च्युअरीज आणि कॅज्युअल्टी अ‍ॅक्च्युअरिअल सोसायटी घेतात. सार्वजनिक धोरणावर व्यवसायाच्या वतीने बोलण्याचं काम १९६५ साली स्थापन झालेली अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ अ‍ॅक्च्युअरीज करते. कामाची मानकं ठरवायला अ‍ॅक्च्युअरिअल स्टँडर्ड्स बोर्ड हे आणखी वेगळं मंडळ आहे. ब्रिटनमध्ये व्यवसायाच्या दोन संस्था, लंडनची १८४८ची इन्स्टिट्यूट आणि १८५६ची स्कॉटलंडमधली फॅकल्टी, २०१० साली एकत्र आल्या, पण तिथली तांत्रिक मानकं फायनान्शियल रिपोर्टिंग कौन्सिल हे व्यवसायाबाहेरचं नियामक मंडळ काढतं. भारतात २००६च्या अ‍ॅक्च्युअरीज कायद्याने इथल्या व्यावसायिक संस्थेला, म्हणजे भारतातल्या इन्स्टिट्यूटला, वैधानिक दर्जा दिला, आणि विम्याचे नियम विमा नियामक प्राधिकरण करतं. आंतरराष्ट्रीय अ‍ॅक्च्युअरी संघटनेची मानकं आदर्श नमुना म्हणून असतात. तुमच्या देशाची संस्था ती स्वीकारत नाही तोवर ती आपोआप तुमच्यावर लागू होत नाहीत.

तुम्ही जिथे काम करता तिथला असा एक पानाचा नकाशा स्वतःच्या हाताने काढा. तयार तक्ता घेऊ नका. काढताना जिथे अडाल तिथेच तुमचं अज्ञान आहे.

२. कागद कोणत्या अवस्थेत आहे

‘नवा नियम आला’ असं कोणी म्हणालं की लगेच विचारा: चर्चापत्र, मसुदा, अंतिम नियम की लागू झालेला नियम? या चार अवस्थांमध्ये कधी कधी कित्येक वर्षं जातात.

विमा करारांच्या हिशोबाचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएफआरएस १७, याचा प्रवास बघा. काम १९९७ साली सुरू झालं. २००४ साली आयएफआरएस ४ हे तात्पुरतं मानक आलं. पहिला मसुदा २०१० साली, सुधारित मसुदा २०१३ साली, अंतिम मानक मे २०१७ मध्ये. लागू होण्याची तारीख आधी १ जानेवारी २०२१ होती. ती पुढे सरकत शेवटी १ जानेवारी २०२३ झाली. ज्यांनी २०१० आणि २०१३चे मसुदे शेजारी ठेवून वाचले होते, त्यांना नफा आधी न दाखवता सेवा दिली जाईल तसा दाखवायचा हा विचार कसा पक्का होत गेला ते कळलं होतं. ज्यांनी अंतिम मानकाची वाट पाहिली, त्यांच्या पुढ्यात सगळं एकदम आलं.

तारखेच्या बाबतीत दुसरं उदाहरण मी नेहमी देते. युरोपीय न्यायालयाने १ मार्च २०११ रोजी ‘टेस्ट-आशा’ खटल्यात निकाल दिला, की विम्याचा हप्ता आणि लाभ ठरवताना स्त्री-पुरुष असा भेद करण्याची जी सवलत कायद्यात होती ती रद्द होते, मात्र २१ डिसेंबर २०१२पासून. म्हणजे मध्ये एकवीस महिन्यांहून जास्त काळ. आणि बदल नव्या करारांना लागू होता. जुन्या पॉलिसींचा साठा तसाच राहिला. आता मूल्यांकन करणाऱ्याच्या जागी बसून पाहा. निकालाच्या दिवशी जुन्या दायित्वाचा, म्हणजे जुन्या पॉलिसींवर पुढे द्यायच्या रकमेचा, आकडा हलत नाही. नव्या विक्रीचा दर मात्र बदलावा लागतो, आणि स्त्री-पुरुषांचा एकच दर लावायचा म्हटल्यावर ग्राहकांत दोघांचं प्रमाण किती असेल हे नवंच गृहीतक जन्माला येतं. दर मधला ठेवला आणि ज्यांना तो स्वस्त पडतो तेच जास्त आले, तर तोटा. निकालात या गृहीतकाचं नाव कुठेही नाही, ते आपणच ओळखायचं असतं.

म्हणून प्रत्येक कागदावर पेन्सिलने तीन तारखा लिहा: सूचना देण्याची शेवटची तारीख, लागू होण्याची तारीख, आणि संक्रमणाची तरतूद असेल तर ती संपण्याची तारीख. तिसरी सगळ्यात जास्त वेळा निसटते.

३. बातमीचा आकडा स्वतः मांडून पाहा

इथे घाई करू नका. धोरण समजून घ्यायचा याहून चांगला रस्ता मला अजून सापडलेला नाही.

समजा बातमी आहे: ‘पेन्शन सुरू होण्याचं वय ६० वरून ६२ करणार’. पेन्शन ६० पासून सरासरी २० वर्षं मिळत होती, ती आता १८ वर्षं मिळेल. म्हणजे खर्च १० टक्क्यांनी घटला, असं बातमीत छापून येईल. वीस हप्त्यांतले दोन गेले, गणित सरळ आहे.

आता आपल्या पद्धतीने मांडा. दरवर्षी १, वर्षाच्या शेवटी, व्याज ४ टक्के. मृत्युदराचा तक्ता बाजूला ठेवा, ठरावीक वर्षांचीच वार्षिकी (दरवर्षी मिळणारी ठरावीक रक्कम) घ्या. हा कच्चा हिशोब आहे, दिशा कळायला पुरेसा. वीस वर्षांच्या वार्षिकीचं आजचं मूल्य, म्हणजे ते सगळे हप्ते देता यावेत म्हणून आज बाजूला ठेवावी लागणारी रक्कम, १३.५९. पहिल्या दोन हप्त्यांचं मूल्य १.८९. ते गेले की उरतात ११.७०. घट सुमारे १३.९ टक्के. दहा नव्हे. कारण जे दोन हप्ते कापले ते सगळ्यात जवळचे, म्हणजे सगळ्यात महागडे.

आता हाच हिशोब अशा माणसासाठी करा ज्याला ६० नंतर दहाच वर्षं मिळणार आहेत. आयुष्यभर अंगमेहनतीचं काम केलेला, तब्येत खचलेला माणूस. त्याच्या वार्षिकीचं मूल्य ८.११. त्यातून तेच १.८९ गेले. घट २३.३ टक्के.

नियम एकच, सगळ्यांना सारखा. पण दीर्घायुषी माणसाचं १४ टक्के नुकसान आणि अल्पायुषी माणसाचं २३ टक्के. ही ओळ संसदेतल्या भाषणात सापडणार नाही, वर्तमानपत्रातही बहुधा नाही. ती आपण लिहू शकतो, पुराव्यासह, कोणाची बाजू न घेता. आपल्या विद्येचा समाजाला उपयोग कुठे आहे असं कोणी मला विचारलं, तर मी हे चार आकडे दाखवते.

पुढचा थर खऱ्या कायद्यात बघा. अमेरिकेत १९८३च्या दुरुस्तीने सोशल सिक्युरिटी या सरकारी पेन्शन योजनेचं पूर्ण निवृत्तिवय ६५ वरून ६७ केलं, पण एका फटक्यात नाही. १९३८ साली जन्मलेल्यांपासून ते हळूहळू वाढत गेलं आणि १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी ६७ झालं. तुमच्या मॉडेलमध्ये ‘निवृत्तिवय’ हा एकच रकाना असेल तर असा कायदा त्यात मावत नाही, जन्मवर्षानुसार तक्ता लागतो. त्याच योजनेच्या विश्वस्तांचा वार्षिक अहवाल नवशिक्याने एकदा तरी वाचावा. त्यात ७५ वर्षांचा अंदाज असतो, कमी, मध्यम आणि जास्त खर्चाच्या अशा तीन गृहीतकसंचांवर. शेवटी मुख्य अ‍ॅक्च्युअरीचं स्वतंत्र मत असतं. राजकारणाच्या ऐन मध्यात बसून आकड्याची भाषा कशी शांत ठेवायची, हे तिथे शिकायला मिळतं.

व्याजदराची बातमी आली तरी हेच करा. वीस वर्षांनी द्यायच्या १०० चं आजचं मूल्य ७ टक्क्यांनी २५.८, आणि ६ टक्क्यांनी ३१.२. दर एका टक्क्याने उतरला, दायित्व जवळजवळ २१ टक्क्यांनी चढलं. हे एकदा हाताने केलं की व्याजदराचं कुठलंही धोरण तुम्ही सहज ओलांडून पुढे जाणार नाही.

४. चूक झाली तर कोणत्या दिशेला

सावधपणाचं गृहीतक घेतलं असं आपण पटकन म्हणतो. कोणासाठी सावध?

अठराव्या शतकात रिचर्ड प्राइस यांनी केलेला मृत्युदराचा नॉर्थॅम्प्टन तक्ता प्रत्यक्षापेक्षा जास्त मृत्यू दाखवत होता. आयुर्विमा कंपन्यांना त्याचा फायदा झाला, कारण हप्ते जास्त घेतले गेले आणि दावे कमी आले. पुढे ब्रिटिश सरकारने त्याच तक्त्यावर १८०८पासून आयुष्यभराच्या वार्षिकी विकायला काढल्या. घेणारे लोक तक्त्यापेक्षा पुष्कळ जास्त जगले आणि सरकारी तिजोरीला खोट बसली. जॉन फिन्लेसन यांनी प्रत्यक्ष वार्षिकीधारकांची नोंद तपासून ही चूक दाखवली, तरी विक्री थांबायला १८२८ साल उजाडलं. हेच फिन्लेसन पुढे लंडनच्या इन्स्टिट्यूटचे पहिले अध्यक्ष झाले.

तक्ता एकच होता. विम्यात जो सावध ठरला तोच वार्षिकीत बेफिकीर ठरला. म्हणून मसुद्यात ‘विवेकपूर्ण गृहीतक’ असा शब्द दिसला की समासात लिहा: कोणाच्या बाजूने?

५. हरकती-सूचना लिहायला शिका

नवे लोक म्हणतात, आमचं कोण वाचणार? नियामकाच्या माणसांना जे हवं असतं ते नेमकं कनिष्ठ माणसाकडे असतं. नियम प्रत्यक्ष फाइलमध्ये कुठे अडतो ते त्यालाच रोज दिसतं.

आधी एक चुकीचा नमुना: ‘प्रस्तावित तरतूद अव्यवहार्य असून उद्योगावर तिचा विपरीत परिणाम होईल. तरी पुनर्विचार व्हावा.’ यात वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

आता दुसरा: ‘कलम ७(२) मध्ये मागच्या पाच वर्षांचा दाव्यांचा अनुभव वापरणं बंधनकारक केलं आहे. तीन वर्षांपेक्षा कमी काळ विकल्या गेलेल्या उत्पादनांसाठी असा अनुभवच उपलब्ध नसतो. त्यामुळे “उपलब्ध असेल तितका अनुभव, आणि तो अपुरा असल्यास तत्सम उत्पादनाचा अनुभव, कारणांसह” अशी शब्दरचना सुचवतो.’

दुसऱ्यात कलमाचा क्रमांक आहे, अडचण आहे, ती कोणाला आहे ते आहे आणि पर्यायी शब्द तयार आहेत. मसुदा लिहिणाऱ्याला ते उचलून घेता येतात. शक्य असेल तिथे आकडा जोडा, पण नमुन्याचा आकडा असेल तर नमुन्याचा आहे असं स्पष्ट लिहा. जे कलम पटलं तेही सांगा. विरोधाची पत्रं ढिगाने येतात आणि चांगलं कलम कोणी उचलून धरलं नाही म्हणून वगळलं जातं, असं मी पाहिलं आहे.

आणि हितसंबंध उघड करा. तुम्ही ज्या कंपनीत आहात तिला या बदलाने फायदा होणार असेल तर ते पहिल्या परिच्छेदात लिहा. कंपनीच्या वतीने लिहिताय, संस्थेच्या समितीच्या वतीने की स्वतःच्या नावाने, हेही तिथेच. परवानगी न घेता कंपनीची आकडेवारी बाहेर नेऊ नका. हे सांगायला नको, पण उत्साहाच्या भरात हीच चूक होते.

६. मानकं का वाचायची

व्यावसायिक मानकं कोरडी वाटतात. त्यांच्यामागे काय घडलं होतं ते कळलं की तशी वाटत नाहीत.

लंडनची इक्विटेबल लाइफ ही १७६२ साली स्थापन झालेली संस्था. ‘अ‍ॅक्च्युअरी’ हे पदनाम आपल्या अर्थाने पहिल्यांदा वापरलं गेलं ते तिथेच. या संस्थेने विसाव्या शतकात अनेक वर्षं अशा पेन्शन पॉलिसी विकल्या, ज्यात निवृत्तीच्या वेळी ठरावीक दराने वार्षिकी मिळण्याची हमी होती. व्याजदर चढे होते तोवर त्या हमीला किंमत नव्हती. १९९०च्या दशकात दर उतरले, माणसं जास्त जगू लागली आणि हमी महाग झाली. संस्थेने हमी घेणाऱ्यांचा अंतिम बोनस (पॉलिसीच्या शेवटी मिळणारी वाढीव रक्कम) कमी करून तोल साधायचा प्रयत्न केला. जुलै २००० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तो बेकायदा ठरवला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संस्थेने नवा व्यवसाय घेणं बंद केलं. आपल्या म्हातारपणाची पुंजी तिथे ठेवलेल्या लाखो लोकांना त्याची झळ बसली.

त्यानंतर ब्रिटिश सरकारने व्यवसायाच्या कामकाजाची चौकशी करवली. त्या चौकशीचा, म्हणजे मॉरिस समीक्षेचा, अंतिम अहवाल २००५ साली आला, आणि तांत्रिक मानकं ठरवण्याचं काम व्यवसायाच्या स्वतःच्या हातून काढून फायनान्शियल रिपोर्टिंग कौन्सिलकडे दिलं गेलं. आपलं काम आपणच तपासू हा हक्क एका देशातल्या अ‍ॅक्च्युअरींनी असा गमावला. आज मानकात ‘गृहीतकं कोणी ठरवली ते अहवालात लिहा’, ‘निष्कर्षाची संवेदनशीलता सांगा’ अशा ओळी वाचताना मला ही हमी आणि ते पेन्शनधारक आठवतात.

नवख्याने सुरुवात संप्रेषणाच्या, म्हणजे निष्कर्ष कसे कळवायचे त्याच्या, मानकापासून करावी. अमेरिकेत ते ४१ क्रमांकाचं आहे, ब्रिटनमध्ये टीएएस १०० या तांत्रिक मानकात तो भाग येतो. आपल्या देशातलं शोधा आणि आपलाच मागच्या महिन्यातला एखादा अहवाल त्याच्याशेजारी ठेवून ओळीओळीने तपासा. दुपार जाईल, पण दहा व्याख्यानांनी होत नाही ते होईल.

७. संस्थेच्या कामात शिरा

समित्या, कार्यगट, परीक्षेचं काम, परिषदा. यातलं एकच निवडा. माझा सल्ला कार्यगटाचा, कारण तिथे मसुद्यावरचं उत्तर तयार होताना दिसतं. पहिल्या बैठकीत बोलायची गरज नाही, टिपणं घ्यायची जबाबदारी मागून घ्या. टिपणं घेणाऱ्याला सगळं समजून घ्यावंच लागतं.

सतत शिक्षणाचे तास भरायचे असतातच. अमेरिकेत अधिकृत मत देणाऱ्यांसाठी ते वर्षाला ३० आहेत, त्यातले किमान ३ व्यावसायिकतेचे. हे तास वर्षाच्या शेवटी कसेबसे जमवण्यापेक्षा चालू मसुद्यांभोवती आखा. वाचन, चर्चा आणि लेखन एकाच विषयात झालं की तो विषय अंगात मुरतो.

सार्वजनिक ठिकाणी बोलताना कोणत्या नात्याने बोलताय ते आधी सांगा. आणि ‘अ‍ॅक्च्युअरी म्हणून माझं मत’ हे शब्द फक्त तिथेच वापरा जिथे मागे हिशोब आहे. पेन्शन उदार असावी की काटकसरीची, हा नागरिकांचा आणि त्यांच्या प्रतिनिधींचा निर्णय आहे. त्या उदारतेची किंमत काय आणि ती कोण भरेल, हे सांगणं आपलं काम. ही रेघ ओलांडली की आपले आकडेही लोक मत समजू लागतात.

८. पहिला महिना

एक वही करा. प्रत्येक कागदाला एक पान: कोणाचा, कोणत्या अवस्थेत, तीन तारखा, कोणतं गृहीतक, भार कोणावर, आणि तुमचा कच्चा हिशोब. महिन्याला दोन पानं भरली तरी पुष्कळ.

मग ज्याची मुदत अजून उरली आहे असा एक मसुदा निवडा. पहिल्या आठवड्यात तो पूर्ण वाचा, परिशिष्टांसह, कारण व्याख्या बदलली की सगळं बदलतं. दुसऱ्या आठवड्यात एका कलमाचा आकडा मांडा. तिसऱ्यात अर्ध्या पानाची सूचना लिहा आणि एखाद्या अनुभवी सहकाऱ्याला दाखवा. चौथ्यात पाठवा.

अंतिम नियम आला की तुमचं पत्र शेजारी घेऊन बसा. बहुतेक वेळा तुमचे शब्द त्यात नसतील. पुष्कळ नियामक आणि मानक मंडळं अंतिम नियमासोबत निर्णयाची कारणं छापतात. त्यात तुमच्या कलमापुढे काय लिहिलंय ते शोधा आणि वहीतल्या त्याच पानावर उतरवून घ्या.